डब्यात ठेवलेला उजेड

गेल्या वर्षी एका रिलीजच्या रात्री मी ऑफिसात अडकलो होतो. डेटाबेसचं मायग्रेशन चालू होतं, स्क्रीनवरची टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि माझं काम एवढंच होतं, की काही फुटलं तर पळापळ करायची. असल्या रात्री मी सिनेमे बघतो. आदल्या आठवड्यात पॉल थॉमस अँडरसनचा 'द मास्टर' (२०१२) पाहिला होता. त्यात दुसऱ्या महायुद्धातून परतलेला फ्रेडी क्वेल नावाचा खलाशी आहे. हाताला लागेल त्यातून, अगदी पेंट थिनरमधूनसुद्धा, तो दारू बनवतो आणि पितो. त्यातल्या मिलिटरी हॉस्पिटलच्या प्रसंगांसाठी अँडरसनने एका जुन्या माहितीपटाचा आधार घेतल्याचं वाचलं होतं. 'लेट देअर बी लाइट'. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. वर्ष १९४६.

५८ मिनिटांचा, कृष्णधवल, नेटवर फुकट. मायग्रेशन संपायला दोन तास होते. लावला.

मध्येच एक तरुण सैनिक येतो. तो इतका अडखळत बोलतो की बघवत नाही. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच अडकतो. डॉक्टर त्याला शिरेतून एक औषध देतात, तो अर्धवट झोपेत जातो, आणि थोड्या वेळाने त्याची जीभ सुटते. आनंदाने तो ओरडायलाच लागतो, की मला बोलता येतंय. मग कळतं, त्याची गाडी अडायची ती 'स'च्या उच्चारावर. कारण जर्मन तोफेचा गोळा अंगावर येताना जो आवाज करायचा तो तसाच होता. सस्सस्स. त्याच्या तोंडातून तो आवाज निघेना, कारण कानांतून तो गेलाच नव्हता.

मी सिनेमा तिथेच थांबवला. मला सुतळी बॉम्ब आठवला.

मामा आणि गोठा

आमचं आजोळ सातारा जिल्ह्यातलं. आमच्या भागात घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी असतोच. मोठा मामा फौजेत होता. १९८७ साली भारताने श्रीलंकेत शांतिसेना पाठवली, तिच्यात तो जाफन्याला गेला होता. मला आठवतो तो पेन्शनीत आलेला मामा. मिशा कडक, बोलणं कमी, आणि महिन्याच्या ठरावीक दिवशी कँटीनमधून कोट्याची रम आणणारा. कोटा आठवड्यातच संपायचा. मग गावातली मिळेल ती.

दिवाळीला सगळी भाचरं आजोळी जमायची. आम्ही अंगणात फटाके उडवायचो आणि मामा मागच्या गोठ्यात म्हशींजवळ जाऊन बसायचा. आम्हाला त्याची फार गंमत वाटायची. फौजी माणूस, आणि फटाक्याला घाबरतो! एका वर्षी, मी नऊ-दहा वर्षांचा असेन, आम्ही दोघातिघांनी ठरवून गोठ्याच्या मागच्या भिंतीला सुतळी बॉम्ब लावला. वातीचा सुरसुर आवाज झाला, मग धडाका. आम्ही धावत पुढे जाऊन पाहिलं तर मामा शेणात पालथा पडलेला होता, दोन्ही हात डोक्यावर. आम्ही पोट धरून हसलो.

तो उठला, अंग झटकलं, आम्हाला काही बोलला नाही. त्या रात्री तो जेवायला आला नाही, एवढं आठवतं.

चार वर्षांपूर्वी तो गेला. यकृत संपलं होतं. तेराव्याला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता: दारूने खाल्ला बघा, सोन्यासारखा माणूस. जाफन्याचं नाव एकानेही काढलं नाही. मीही नाही.

त्या रात्री ऑफिसात मी पुन्हा प्ले दाबलं. पुढचे काही महिने या सिनेमाबद्दल मिळेल ते वाचत राहिलो. हा लेख त्यातूनच आलाय.

लढाई दाखवायला निघालेला माणूस

जॉन ह्यूस्टनचा जन्म १९०६ सालचा. बाप वॉल्टर ह्यूस्टन नावाजलेला नट. १९४१ साली जॉनने 'द माल्टीज फाल्कन' काढला आणि पहिल्याच सिनेमात दिग्दर्शक म्हणून नाव कमावलं. त्याच वर्षअखेरीस पर्ल हार्बर झालं, अमेरिका युद्धात उतरली. १९४२ मध्ये ह्यूस्टन लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये दाखल झाला. फ्रँक काप्रा, जॉन फोर्ड, विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स हे हॉलिवूडचे बडे दिग्दर्शकही गणवेश घालून कॅमेरे घेऊन निघाले होते. मार्क हॅरिस या लेखकाने या पाचांवर 'फाइव्ह केम बॅक' हे पुस्तक लिहिलंय, २०१७ मध्ये त्यावर नेटफ्लिक्सची मालिकाही आली.

या पाचांपैकी धड कोणीच परत आलं नाही. वायलरचा एक कान विमानात शूटिंग करता करता कायमचा गेला. स्टीव्हन्सने दाखाऊची छळछावणी चित्रित केली. फोर्ड मिडवेच्या लढाईत जखमी झाला, आणि नॉर्मंडीचं आक्रमण चित्रित केल्यावर सलग काही दिवस इतका प्यायला की त्याला माघारी धाडावं लागलं. युद्ध आणि बाटली यांचं नातं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

ह्यूस्टन इटलीत गेला. डिसेंबर १९४३ मध्ये सान पिएत्रो या डोंगराच्या कुशीतल्या गावासाठी लढाई झाली. त्यावर त्याने 'द बॅटल ऑफ सान पिएत्रो' केला. त्यातली बरीचशी लढाईची दृश्यं नंतर सैनिकांकडून पुन्हा करून घेतलेली आहेत, हे आता अभ्यासकांनी दाखवून दिलंय. पण मेलेले सैनिक खरे होते. पोत्यात भरले जाणारे देह खरे होते. लष्करी अधिकारी बिथरले. हा सिनेमा युद्धविरोधी आहे, असा आरोप झाला. युद्धाची भलामण करणारा सिनेमा माझ्या हातून झाला तर मला गोळी घाला, असं उत्तर आपण दिल्याचं ह्यूस्टन सांगायचा. सिनेमा डब्यातच जायचा, पण सरसेनापती जॉर्ज मार्शलने तो पाहिला आणि नव्या सैनिकांना हे दाखवलंच पाहिजे असं ठरवलं. काही भाग कापून तो १९४५ मध्ये बाहेर आला. ह्यूस्टनला मेजर केलं गेलं.

इटली म्हटलं की आपल्याकडे दोन नावं यायला हवीत. १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याच रेजिमेंटचे नामदेव जाधव यांनी सेनिओ नदीवर जखमींना पाठीवर घेऊन सुरुंगांतून वाट काढली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. पुतळा होतो तो न डगमगलेल्यांचा. त्यांच्या शेजारच्या खंदकात कोणाचे हात थरथरत असतील, ते गावी परतल्यावर कसे झोपत असतील, त्याची नोंद मला कुठे सापडली नाही.

अमेरिकेत ती नोंद ठेवायची वेळ आली होती. ऑगस्ट १९४३ मध्ये जनरल पॅटनने सिसिलीत लष्करी इस्पितळांमध्ये दोन सैनिकांना मारहाण केली होती. त्यांच्या अंगावर जखम दिसत नव्हती, म्हणून ते भेकड, एवढा त्याचा हिशेब. वरिष्ठ आयझेनहॉवरने त्याला माफी मागायला लावली. पण प्रश्न दोन सैनिकांचा नव्हता. लष्कराच्या जखमींपैकी साधारण २० टक्के मनाने जखमी होते. हा आकडा 'लेट देअर बी लाइट'च्या सुरुवातीलाच पडद्यावर येतो. दर पाचांत एक.

मेसन जनरल, १९४५

युद्ध संपत आलं तसा लष्करापुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. ही माणसं घरी गेल्यावर त्यांना नोकरी कोण देणार? वेडा म्हणून शिक्का बसला तर कारखानदार दारात उभं करणार नाहीत. म्हणून लष्करानेच ह्यूस्टनला काम दिलं: ही माणसं वेडी नाहीत, बरी होतात, कामाला लायक आहेत, हे लोकांना पटेल असा माहितीपट कर. म्हणजे मागणी सरकारची होती, हे लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

जागा ठरली न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रेंटवुड इथलं मेसन जनरल हॉस्पिटल. ७५ सैनिकांचा एक गट दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत कॅमेऱ्याने पाहायचा. तपासणीच्या खोलीत दिवे, कॅमेरे, माइक. सैनिकांना सांगितलेलं होतं, की हे चित्रित होतंय. एकही प्रसंग घडवून आणलेला नाही, असं सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो. सान पिएत्रोत ज्याने लढाई पुन्हा करून घेतली, तोच माणूस इथे कॅमेरा लावून गप्प बसला.

निवेदनाचा आवाज जॉनच्या वडिलांचा, वॉल्टर ह्यूस्टनचा. आपल्या आजच्या कानांना तो थोडा भाषणबाज वाटतो. पण निवेदन थांबतं आणि माणसं बोलायला लागतात तेव्हा मोबाइल खाली ठेवावा लागतो.

एक काळा सैनिक प्रेयसीच्या फोटोबद्दल सांगता सांगता रडायला लागतो आणि रडतो म्हणून डॉक्टरांची माफी मागतो. एकाला चालता येत नाही. पायांना काहीच झालेलं नाही, तरी येत नाही. त्याला दोघांनी धरून आणावं लागतं. एकाला ओकिनावाच्या लढाईनंतर स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. डॉक्टर त्याला संमोहित करून पुन्हा त्या रणांगणावर नेतात, तिथून त्याचं नाव घेऊन परत येतात. औषध म्हणून सोडियम अमायटल देतात. ते बार्बिट्युरेट जातीचं, गुंगी आणणारं. शिवाय गटाने बसून बोलणं, हातकाम, खेळ. गटात काळे आणि गोरे शेजारी शेजारी बसलेत. अमेरिकी लष्करात तेव्हा काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या. ते भेद मोडण्याचा ट्रूमनचा आदेश यायला जुलै १९४८ उजाडावा लागला.

शेवटी बेसबॉलचा सामना आहे, आणि मग घरी जाणारी बस. ज्याला चालता येत नव्हतं तो धावतोय.

ह्यूस्टनने नंतर एक गंमतीची गोष्ट सांगितली. ज्या सैनिकांचं चित्रीकरण होत होतं ते, ज्यांचं होत नव्हतं त्यांच्यापेक्षा लवकर सुधारताना दिसत होते. आम्हा इंजिनीअर लोकांना अशा वाक्याची ॲलर्जी असते. मोजलं कसं? दोन्ही गट सारखे होते का? यातून काही सिद्ध होत नाही, मान्य. तरी हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला कोणीतरी नीट बघतंय, आपलं बोलणं कोणाला तरी मोलाचं वाटतंय, यानेच काही होत असेल का?

मिलिटरी पोलीस आले

१९४६ साली न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हा सिनेमा काही लोकांना दाखवायचं ठरलं. ह्यूस्टनने आत्मचरित्रात लिहिलंय, की खेळ सुरू व्हायला काही मिनिटं असताना मिलिटरी पोलीस आले आणि प्रिंट घेऊन गेले. ज्या लष्कराने सिनेमा करून घेतला त्याच लष्कराने तो जप्त केला.

कारण दिलं ते रुग्णांच्या खासगीपणाचं. सैनिकांनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या, पण ती कागदपत्रं नंतर गायब झाली, असं ह्यूस्टनचं म्हणणं. त्याच्या मते खरं कारण वेगळं होतं. युद्धावर गेलेला माणूस अधिक कणखर, अधिक अभिमानी होऊन परततो, ही कथा लष्कराला जपायची होती.

मी बराच काळ लष्कराला खलनायक समजून हे वाचत होतो. मग थोडा थांबलो. खासगीपणाचा मुद्दा खोटाच होता का? इस्पितळातला सैनिक, समोर अधिकारी, हातात कागद. तो नाही म्हणू शकला असता? आपण रोज न वाचता 'आय ॲग्री' दाबतो, आणि तसली बटणं बनवणाऱ्यांत मीही आहे. गुंगीत रडणारा आपला चेहरा गावच्या थिएटरात लागावा असं त्या पोराला खरंच वाटलं असेल, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मामाला शेणात पडलेला कोणी चित्रित केला असता तर?

पण पुढे लष्कराने जे केलं त्याने माझा हा संशयाचा फायदा संपला. १९४८ मध्ये त्यांनी त्याच विषयावर दुसरा सिनेमा काढला, 'शेड्स ऑफ ग्रे'. खऱ्या रुग्णांऐवजी नट. ठीक, खासगीपणाचा प्रश्न मिटला. पण या सिनेमातले सैनिक सगळे गोरे. आणि भर कशावर, तर युद्धाने काय केलं यापेक्षा त्या माणसाची घडण मुळात कशी होती यावर. म्हणजे तोफ निर्दोष. बिघाड होता तो मालातच.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? दारूने खाल्ला बघा.

त्याच १९४६ सालची आणखी एक गोष्ट. मार्चमध्ये सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर बिली वाइल्डरच्या 'द लॉस्ट वीकेंड'ला मिळालं. तो एका दारुड्या लेखकाची गोष्ट सांगतो. वर्षअखेरीस वायलरचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' आला, युद्धावरून परतलेल्या तिघांची गोष्ट. त्यात हॅरॉल्ड रसेल होता. तो नट नव्हता, लष्करात असताना दोन्ही हात गमावलेला खरा सैनिक होता. त्याला एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले. म्हणजे व्यसन पडद्यावर चालत होतं, कारण ती कल्पित गोष्ट होती. तुटलेले खरे हातही चालत होते. चालला नाही तो धडधाकट अंगाचा, रडणारा खरा माणूस. हाताच्या जागी लावलेले आकडे पाहिले की कोणीही म्हणतो, याने देशासाठी किंमत दिली. नुसतं थरथरणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो हिशेब कोणी करत नाही.

सिनेमाने काय दाखवलं नाही

आता सिनेमाची बाजूही तपासायला हवी. मी तो आजवर चार वेळा पाहिलाय आणि दर वेळी एक शंका मोठी होत जाते. इतक्या लवकर? एक इंजेक्शन, आणि लंगडा चालतो. एक संमोहन, आणि नाव परत येतं. आमच्या भाषेत याला 'हॅपी पाथ'ची टेस्ट म्हणतात. सगळं नीट चाललं तर काय होईल, तेवढंच तपासायचं. प्रॉडक्शनमध्ये काय फुटेल, ते नाही.

निवेदकाला हे माहीत आहे. तो चालू लागला म्हणजे त्याचा आजार बरा झाला असं नाही, त्याला वेळ लागेल, ही नुसती सुरुवात आहे, अशा अर्थाचं तो सांगतोही. पण ते एक वाक्य आहे, आणि धावणारा माणूस हे दृश्य आहे. आपल्या लक्षात दृश्य राहतं. बस इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडते आणि सिनेमा संपतो. पुढे त्या ७५ जणांचं काय झालं? पहिल्या चार जुलैला, अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या आतषबाजीत, ते कुठे जाऊन बसले? किती जण प्यायला लागले? अख्ख्या सिनेमात बाटली नाही. 'द मास्टर' मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. फ्रेडी क्वेल हा जणू त्याच बसमधून उतरलेला माणूस आहे, आणि तो सरळ दारूकडे जातो.

हे कोडं अमेरिकेला पुन्हा सोडवावं लागलं ते व्हिएतनामच्या वेळी. १९७१ मध्ये बातम्या आल्या की व्हिएतनाममधले सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेतात. घरी परतण्याआधी लघवी तपासणी सक्तीची झाली. परतलेल्यांवर ली रॉबिन्स या संशोधिकेने अभ्यास केला. साधारण पाचातल्या एकाने आपण तिकडे व्यसनी झालो होतो असं सांगितलं. पण त्या व्यसनींपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते जेमतेम ५ टक्के. लोकांचा विश्वास बसेना. एकदा हेरॉइन घेतलं की माणूस संपला, असंच सगळे धरून चालले होते. जागा बदलली, भोवतीची माणसं बदलली, भीती संपली, तर बहुतेकांची पकडही सुटली.

हे वाचून मी मामाचा विचार उलट्या बाजूने करून पाहिला. तो गावी परतला. जागा बदलली. म्हशी, ऊस, पाटाचं पाणी. पण जी गोष्ट जाफन्यात राहायला हवी होती ती त्याच्याबरोबर आली असेल तर? मग बाटली हा आजार होता, की आजारावर त्याने स्वतःच शोधलेलं औषध? रम त्याला कोट्यावर मिळत होती. बाकी कशाचा कोटा नव्हता. माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि मी डॉक्टरही नाही. पण मला निदान प्रश्न तरी मिळाला, तेराव्याला जो कोणाकडेच नव्हता.

१९८०

व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी लावून धरलं म्हणून १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत एक नवं निदान दाखल झालं. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, आपण आता सर्रास 'पीटीएसडी' म्हणतो ते. आणि त्याच १९८०च्या डिसेंबरात 'लेट देअर बी लाइट'वरची बंदी उठली. चित्रपट उद्योगाच्या संघटनेचे जॅक व्हॅलेंटी, निर्माता रे स्टार्क आणि उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी शब्द टाकला होता. लष्कराच्या खात्याचे तेव्हाचे मंत्री क्लिफर्ड अलेक्झांडर यांनी परवानगी दिली. त्या पदावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दुखण्याला नाव मिळालं आणि दुखण्याचा चेहरा डब्यातून बाहेर आला, ते एकाच वर्षी.

जानेवारी १९८१ मध्ये न्यू यॉर्कला तो लोकांनी पाहिला. गंमत म्हणजे काही समीक्षकांची निराशा झाली. ३५ वर्षं लपवलेला सिनेमा म्हणजे काहीतरी स्फोटक असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि निघाला तो लष्कराचीच बाजू मांडणारा, आशावादी माहितीपट. बरोबरच आहे. त्यात लपवण्यासारखं होतं ते चेहरे. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव आलं, २०१२ मध्ये आवाज आणि चित्र साफ करून तो नेटवर सगळ्यांना खुला झाला. म्हणून तो माझ्यापर्यंत त्या रात्री पोचला.

ह्यूस्टन स्वतः दारूचा भोक्ता होता, ते त्याने कधी लपवलं नाही. मेसन जनरलमध्ये पाहिलेलं तो विसरला नाही. १९६२ मध्ये त्याने सिग्मंड फ्रॉइडवर सिनेमा केला. १९८४ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, 'अंडर द व्होल्केनो' केला. मेक्सिकोतल्या एका दारुड्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा शेवटचा दिवस. त्यात इंजेक्शन नाही, धावणं नाही, बस नाही. माणूस बुडताना दिसतो आणि त्याच्यावर प्रेम करणारे काठावर उभे असतात. १९४६च्या सिनेमात न आलेली बाटली ३८ वर्षांनी आली, असं मला तो पाहताना वाटलं.

२८ ऑगस्ट १९८७ रोजी ह्यूस्टन वारला. शांतिसेना तेव्हा श्रीलंकेत नुकतीच उतरली होती. ऑक्टोबरात जाफन्याची लढाई पेटली. १९९० मध्ये सेना परतेपर्यंत हजाराहून अधिक भारतीय सैनिक मेले होते.

आई

या दिवाळीला मी आईला फोनवर तो अडखळणारा सैनिक दाखवला. इंग्रजी तिला पूर्ण कळत नाही, म्हणून थांबवत थांबवत सांगत गेलो. 'स'चं सांगितलं. मग सुतळी बॉम्बचंही सांगितलं. इतकी वर्षं मी ते घरी कोणाला बोललो नव्हतो.

ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दादा लंकेवरनं पहिल्यांदा सुट्टीवर आला ना, तेव्हा खाटेवर झोपायचाच नाही. सोप्यात, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून झोपायचा. एकदा मी चहा घेऊन गेले आणि खांद्याला हात लावून उठवलं, तर माझं मनगटच धरलं त्याने. डोळे उघडे, पण ओळखच नाही. मग सोडलं, आणि दिवसभर माझ्यासमोर आला नाही."

मी विचारलं, "मग तुम्ही कोणी काही केलंच नाही?"

"काय करणार? कोणाला ठाऊक होतं? पण तुझ्या आजीने त्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं. हात लावून उठवू नगा रं त्याला. लांबनं हाळी द्या, नाव घेऊन. दोनदा-तीनदा द्या. उठंल त्यो आपसूक."

आजी शाळेत गेलेली नव्हती. त्यानंतर घरात सगळे त्याला तसंच उठवायचे, आई म्हणाली. दाराबाहेर उभं राहून, लांबून, नावाने.